आधी विश्वास गुरूचा

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपौर्णिमा. ज्यांनी वेदांची व्यवस्था लावली आणि महाभारतासारखा ज्ञानसागर मानवजातीच्या ओंजळीत घातला, त्या व्यासमहर्षींचे स्मरण करून आपापल्या गुरूच्या चरणी मस्तक ठेवण्याचा हा दिवस. आपल्या परभणी जिल्ह्यात हा दिवस उगवतो तो ऐन पेरणीच्या धामधुमीत. काही रानांत कपाशीने, तुरीने, सोयाबीनने डोके वर काढलेले असते. काही रानांत पेरणी राहिलेली असते आणि धनी बांधावर उभा राहून वापशाची वाट पाहत असतो. वापसा म्हणजे काय, हे आपल्या काळ्या जमिनीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मातीत ओल असावी, पण चिखल नसावा; ती मोकळी असावी, पण कोरडी नसावी. अशी वेळ साधली तर बियाणे रुजते. चिखलात टाकलेले बी कुजते, कोरड्यात टाकलेले करपते. त्यात बियाण्याचा दोष नसतो.

विद्येचेही असेच आहे. गुरू विद्वान असेल, पुस्तके उत्तम असतील, शाळेची इमारत पक्की असेल. परंतु शिकविणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये विश्वासाचा वापसा नसेल तर ज्ञानाचे बी रुजत नाही. मूल भीतीने पाठ करते आणि भीती सरली की विसरते. हे सर्वांना मान्य होईल. प्रश्न आहे तो पुढचा. हा विश्वास आधी कोणी ठेवायचा? आपण सहजच उत्तर देतो की शिष्याने. शिष्याने श्रद्धा ठेवावी, शिष्याने नम्र व्हावे, शिष्याने सेवा करावी. आजच्या दिवशी असे उपदेश पुष्कळ होतात आणि ते योग्यच आहेत. परंतु आपल्या परंपरेतील गुरु-शिष्यांच्या कथा बारकाईने पाहिल्या, तर त्यांत पहिले पाऊल बहुधा गुरूने टाकलेले दिसते. जो वडील, जो समर्थ, ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने आधी विश्वास ठेवला. मग शिष्याची श्रद्धा त्या विश्वासाच्या मागून आली. आजच्या शाळेतील गुरुजींना आणि बाईंना या कथांतून फार मोठे मार्गदर्शन मिळण्यासारखे आहे. आनंदाची गोष्ट अशी की, त्यांतील दोन कथा आपल्या अंगणातल्याच आहेत.

सत्यकाम आणि उपकोसल

अध्ययनास बसण्यापूर्वी गुरू आणि शिष्य मिळून जो शांतिपाठ म्हणत, त्यातील अखेरची प्रार्थना विचार करण्यासारखी आहे. आम्हां दोघांचे रक्षण होवो, आम्हां दोघांचे अध्ययन तेजस्वी होवो, असे मागून झाल्यावर ते दोघे मिळून असेही मागत की आमच्यात परस्परांविषयी द्वेष उत्पन्न न होवो. ज्या ऋषींनी ही प्रार्थना रचली ते भोळे नव्हते. शिकविणारा आणि शिकणारा यांच्यात कटुता येऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते. आणि ती टाळण्याची प्रार्थना त्यांनी एकट्या शिष्याच्या तोंडी घातली नाही, ती दोघांच्या तोंडी घातली.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा बहुतेक घरांतून मुलांना सांगितली जाते. हा मुलगा गौतम हारिद्रुमत ऋषींकडे विद्या शिकण्यास निघाला. गुरू गोत्र विचारतील म्हणून त्याने आई जबालेला विचारले. तिने निखळ सत्य सांगितले की, तारुण्यात अनेक ठिकाणी सेवा करीत असताना तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असे सांग. मुलाने गुरूसमोर जसेच्या तसे सांगितले. सभेत हसे होण्यासारखा तो क्षण होता. परंतु ऋषींनी त्याच्या जन्माची चौकशी पुढे चालविली नाही. ज्याला असे सत्य बोलता येते तो विद्येस पात्रच आहे, असे मानून त्यांनी त्याला समिधा आणण्यास सांगितले आणि त्याचे उपनयन केले.

येथे ध्यानी घ्यावयाची गोष्ट ही की, मुलाने आपले सर्वांत अवघड सत्य गुरूच्या हाती दिले आणि गुरूने त्याचे शस्त्र केले नाही. आजही वर्गात मूल कधी तरी असे एखादे सत्य सांगते. फी भरली नाही, कारण घरी पैसे नाहीत. गृहपाठ झाला नाही, कारण रात्री वडील पिऊन आले होते. त्या क्षणी गुरुजींच्या मुद्रेवर काय उमटते, यावर ते मूल पुन्हा कधी खरे बोलेल की नाही हे ठरते. सत्याला शिक्षा मिळाली की मूल असत्य शिकते, आणि तो धडा आपण दिला हे शिक्षकाला कळतही नाही.

पुढे गौतमांनी सत्यकामाच्या हाती चारशे रोड, अशक्त गाई दिल्या. त्या हजार झाल्याखेरीज परतणार नाही, असे म्हणून तो रानात गेला. नव्या, पोरवयाच्या शिष्यावर एवढे गोधन सोपविणे हा गुरूचा विश्वासच होता. मुलाला जबाबदारी द्यावी, ती त्याच्या कुवतीपेक्षा किंचित मोठी असावी, आणि मग त्याच्या मागे मागे फिरून पाहू नये, हे या कथेचे दुसरे सूत्र.

याच सत्यकामाची पुढची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. तो स्वतः आचार्य झाला. त्याच्याकडे उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षे अग्नींची सेवा करीत राहिला. बरोबरीच्या इतर शिष्यांना विद्या देऊन आचार्यांनी घरी पाठविले. उपकोसलाला ना विद्या दिली, ना निरोप. आचार्यपत्नीने सुचवून पाहिले की, या मुलाने मनोभावे सेवा केली आहे, याला आता उपदेश करावा. आचार्य काही न बोलता प्रवासास निघून गेले. तेव्हा त्या मुलाने दुःखाने अन्न सोडले. आचार्यपत्नी त्याला जेवण्यास विनवू लागली, तर तो म्हणाला की, मनात व्यथा भरून राहिल्या आहेत, मी जेवणार नाही. अखेर ज्या अग्नींची त्याने सेवा केली होती, त्यांनाच दया आली आणि त्यांनी त्याला उपदेश केला.

उपनिषदकारांनी ही कथा गाळली नाही, यात त्यांचा थोरपणा आहे. ज्याला स्वतःला गुरूने उराशी धरले, तोही आचार्य झाल्यावर एखाद्या शिष्याकडे दुर्लक्ष करू शकतो. प्रत्येक वर्गात एखादा उपकोसल असतो. तो गोंगाट करीत नाही, तक्रार करीत नाही, फळा पुसतो, खडू आणून देतो, आणि मागल्या बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतो. हुशार मुलांची नावे शिक्षकाच्या जिभेवर असतात, खोडकर मुलांचीही असतात. मधल्या गप्प मुलाचे नाव हजेरीपुरते राहते. त्याच्या ताटातले अन्न तसेच राहू लागले, हे प्रथम घरच्या बाईच्या ध्यानी येते. म्हणूनच शिक्षक आणि घर यांचे बोलणे असावे लागते.

थापटणे आणि पिंडीवरचे पाय

आता आपल्या मराठवाड्याच्या भूमीकडे वळू. संत नामदेवांच्या चरित्रातील एक प्रसंग महिपतींच्या ‘भक्तिविजया’मुळे घरोघर पोचला आहे. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून कोण पक्के, कोण कच्चे हे पाहू लागले. सारे शांत राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान सहन झाला नाही. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे.

गोरोबांची पारख चुकीची नव्हती. नामदेवांना गुरूचा लाभ झालेला नव्हता आणि देव फक्त पंढरीच्या मंदिरात आहे, अशी त्यांची समजूत होती. परंतु परीक्षेने उणीव दाखविली, ती भरून काढली नाही. थापटण्याने मडके कच्चे आहे हे कळते. थापटण्याने ते भाजले जात नाही. त्यासाठी आवा लागतो, मंद आच लागते, वेळ लागतो. नामदेवांची उणीव भरून निघाली ती औंढ्याला.

औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्या परभणी जिल्ह्यातच होते आणि नामदेवांचे नरसीही त्याच परिसरातले. विठ्ठलाने पाठविल्यावरून नामदेव तेथे विसोबा खेचरांच्या शोधात आले, तर देवळात एक वृद्ध शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला. नामदेवांनी त्यांना दोष दिला. विसोबा रागावले नाहीत. मी थकलेला आहे, जेथे देव नाही तेथे तूच माझे पाय उचलून ठेव, एवढेच त्यांनी सांगितले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तेथे लिंग प्रकटले. तिसरीकडे ठेवले, तेथेही तेच. देवावाचून जागा नाही, हे ज्ञान नामदेवांना तेथे झाले आणि विसोबा त्यांचे गुरू झाले.

या प्रसंगात अध्यापनाची सारी कला सामावलेली आहे. शिष्य येताच गुरूची चूक काढतो, तरी गुरूचा अभिमान दुखावत नाही. शिष्याच्या अज्ञानाला गुरू अज्ञान म्हणत नाही. तो व्याख्यान देत नाही, तर शिष्याच्या हातांना एक काम देतो, आणि शिष्य आपल्या हातांनी सत्यापर्यंत पोचेल असा भरवसा ठेवून स्वस्थ पडून राहतो. ज्याला आपण पोचू असे कोणी तरी मानले, त्याचीच पावले पुढे पडतात.

विसोबांना हे कोठून साधले असावे? परंपरा सांगते की, हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करणाऱ्यांपैकी होते. मुक्ताबाईला मांडे भाजण्यास भांडे मिळू नये म्हणून त्यांनी खटपट केली, आणि पुढे पश्चात्ताप पावून त्या भावंडांच्या चरणी लागले. स्वतः चुकलेला, आणि चुकूनही क्षमा मिळालेला माणूस गुरू झाला, म्हणूनच त्याला शिष्याच्या चुकीवर हसावेसे वाटले नाही. ज्या शिक्षकाला आपले विद्यार्थिदशेतील अडखळणे आठवते, त्याच्या वर्गात मूल अडखळण्यास भीत नाही. फळ्यावरचे गणित चुकले आणि एखाद्या मुलाने ते दाखवून दिले, तर ‘शाबास, माझ्या नजरेतून सुटले होते’ असे म्हणणाऱ्या गुरुजींचा मान कमी होत नाही. उलट त्यांचे बरोबर असलेले मुलांना अधिक बरोबर वाटू लागते.

ज्यांना कच्चे म्हटले गेले त्या नामदेवांनी पुढे पंजाबापर्यंत भागवत धर्माची पताका नेली. घुमान येथे आजही त्यांचे स्थान पूजिले जाते आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. वर्गात एखाद्या मुलाला कच्चे म्हणताना हे स्मरणात असावे.

जात्याची दुसरी बाजू

नामदेव जेव्हा स्वतः गुरूच्या आसनावर आले, तेव्हा त्यांनी काय केले? त्याचे उत्तर आपल्या गंगाखेडला आहे. गोदावरीच्या काठावरील हे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरात दासी म्हणून वाढली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे ही तिची कामे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिने कामे करीत जन्म घालविला असता आणि कोणास काही वाटले नसते. परंतु तिच्या नावावर आज तीनशेहून अधिक अभंग आहेत, आणि ते नामदेवांच्या गाथेबरोबर जपले गेले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला तेव्हा त्याचे वाटे घरातील प्रत्येकाला दिले आणि त्यांत जनीचाही वाटा ठेवला, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात. गौतमांनी सत्यकामाला गाई दिल्या, नामदेवांच्या घराने जनीला शब्दांचा वाटा दिला. तिने स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतले खरे, पण त्या दासीपणाखाली आपले नाव घालण्याचा अधिकार तिला होता.

जनाबाईंच्या अभंगांतील सर्वांत लोकप्रिय चित्र आहे ते विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागल्याचे. ज्यांनी घरचे जाते ओढले आहे, त्या आपल्या आजी-आईंना त्याचा अर्थ नेमका कळेल. एकटीने जाते ओढताना खांदा भरून येतो. समोर दुसरी बसली आणि तिने खुंट्याला हात लावला की तेच जाते हलके होते. दळण तेवढेच असते, वैरण तेवढीच घालावी लागते. फक्त भार वाटला जातो. देवाने जनीचे दळण स्वतः दळून तिला निजण्यास सांगितले नाही, किंवा उभे राहून दळणावर प्रवचनही केले नाही. तो समोर बसला.

शिक्षकाने विद्यार्थ्याच्या जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसावे. अपूर्णांक न जमणाऱ्या मुलाजवळ मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसून एक उदाहरण त्याच्यासह सोडवावे, आधे त्याने, आधे आपण. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी हेच केले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त पडलेल्या दिसल्या, तर ते मुले नसताना त्या नीट लावून ठेवीत. रागावून बोलण्याने जे झाले नसते ते त्या मुक्या सेवेने झाले. मुले लाजली आणि आपली कामे आपण करू लागली. विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास प्राणांतिक उपोषण करणारे साने गुरुजी ते हेच. देवाने जनीच्या जात्याला हात लावला, याचा अर्थ त्यांना खरोखर उमगला होता.

जनाबाईंच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. विठ्ठलाच्या गळ्यातील पदक नाहीसे झाले. शोध सुरू झाला आणि संशय गेला तो थेट जनीवर. देवच आपले पदक तिच्या खोपटात विसरून गेला होता, असे कथा सांगते. पण ते कोण ऐकणार? तिला सुळावर देण्याचे ठरले, आणि चंद्रभागेच्या तीरी त्या सुळाचे पाणी झाले. वर्गात कोणाचे कंपासपेटीतले पैसे हरवतात, कोणाचा पेन नाहीसा होतो. अशा वेळी प्रथम कोणाचे दप्तर तपासले जाते? ज्याचा सदरा फाटका त्याचे, ज्याचे घर वस्तीच्या टोकाला त्याचे. पैसे नंतर दुसऱ्याच्याच वहीत सापडतात आणि सारे विसरून जातात. ज्याचे दप्तर सर्वांसमोर उलटे केले गेले, ते मूल विसरत नाही. प्रत्येक सुळाचे पाणी होत नाही. म्हणून वस्तू हरवली तर कोणाचेही नाव न घेता, सर्वांना ती परत ठेवण्याची संधी द्यावी, आणि चौकशी करणे भागच असेल तर ती एकांतात करावी. वर्षभर मिळविलेला विश्वास अशा एका घटकेत जातो.

भाषा आणि पाऊलवाट

विश्वासाला भाषाही लागते. परभणीने हे फार सोसले आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त होईपर्यंत येथील मुलांना सरकारी शाळांतून पुढील शिक्षण उर्दू माध्यमातून घ्यावे लागे. घरी मराठी बोलणारे मूल वर्गात मुके होई. उर्दू भाषा गोड आहे, समृद्ध आहे; तो तिचा दोष नव्हता. परंतु ज्या भाषेत मूल रडते आणि हसते, तिला वर्गाच्या दाराबाहेर उभे केले की मुलाचे निम्मे मन बाहेरच राहते. म्हणूनच हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा अशा संस्थांना त्या काळी एवढे महत्त्व आले. या दोन्ही शाळांतून स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले. हा संन्यासी मुख्याध्यापक १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरला, आणि त्यांच्या हाताखाली घडलेले तरुण त्यांच्या मागे लढ्यात आले. परभणीची महाविद्यालये आज ज्या विद्यापीठाच्या छायेत आहेत, त्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जे गुरूने सांगितले तेच गुरू करतो आहे, हे मुलांनी पाहिले होते. विश्वासाला याहून मोठे प्रमाणपत्र नाही.

आज माध्यम मराठी आहे, तरी भाषेचा प्रश्न सर्वस्वी संपलेला नाही. तांड्यावरून येणारे मूल घरी गोरमाटी बोलते. कोणाच्या घरी दखनी बोलली जाते. खेड्यातल्या मुलाच्या बोलण्याला तिथल्या मातीचा हेल असतो. त्या बोलीला हसणे म्हणजे त्याच्या आईला हसणे होय. शिक्षकाने त्या बोलीतील चार शब्द शिकून घ्यावेत आणि प्रमाण भाषा तिच्या शेजारी नेऊन बसवावी.

आणि मूल शाळेत येत नसेल तर? ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले गुरे राखण्यास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणातच शाळा नेली. ती कुरणशाळा. मुलांवर दोष न ठेवता शाळेने पाऊलवाट बदलली.

आपल्याकडे गंगाखेड, पालमच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस निघतात. बैलगाडीत, ट्रकात संसार चढतो आणि त्या संसारावर एखादी चौथीतली मुलगीही बसते, कारण धाकट्या भावाला सांभाळण्यास कोणी नसते. ती परत येते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. वर्ग पुढे गेलेला, वही कोरी, हात उसाच्या पाचटाने कापलेले. त्या सकाळी दारात उभ्या राहिलेल्या मुलीला गुरुजी काय म्हणतात, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून असते. ‘आलीस का आता उगवून?’ असे म्हटले तर ती बहुधा पुन्हा येणार नाही, आणि शाळा सुटलेल्या मुलीचे लग्न फार लवकर ठरते, हे आपण सर्व जाणतो. ‘ये, तुझी जागा ठेवली आहे’ असे म्हटले, आणि जागा खरोखरच ठेवलेली असली, तर ती बसते. मागे पडलेला अभ्यास भरून काढता येतो. मोडलेले मन भरून काढण्यास वर्षे लागतात.

ठेव सांभाळण्याची गोष्ट

गुरुपौर्णिमेच्या दिवशी एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. विश्वास ही ठेव आहे आणि ठेव ठेवणारा लहान असला म्हणजे सांभाळणाऱ्याची जबाबदारी वाढते. तैत्तिरीय उपनिषदात विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की, आमच्यात जे चांगले आचरण आहे तेवढेच घ्यावे, इतर घेऊ नये. गुरूचे सारेच घ्यावे, गुरूला कधी प्रश्न विचारू नये, असे आपल्या ऋषींनी म्हटलेले नाही. शिक्षणाच्या हक्काचा जो कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा २०१२ साली झाला. असे कायदे करावे लागले याची खंत वाटावी, परंतु त्यांचा राग येऊ नये. जो शिक्षक मुलाला ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो, तो गुरू नव्हे. खऱ्या गुरूचे मुलाशी असलेले वागणे आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत चालण्यासारखे असते.

घरानेही आपला वाटा उचलला पाहिजे. मूल हट्ट करू लागले की ‘थांब, गुरुजींना सांगते’ असे आपण म्हणतो आणि गुरुजींचा बागुलबुवा करतो. मग त्याच गुरुजींवर त्याने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा धरतो. दुसरीकडे काही घरांत मुलांसमोरच शिक्षकाची टिंगल होते. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. या बाबतीत आपल्यासमोर विठोबाचाच आदर्श आहे. तेरहून अपमानित होऊन आलेले नामदेव प्रथम गेले ते पंढरीला, जेथे आपल्यावर प्रेम आहे तेथे. विठ्ठलाने त्यांचे ऐकून घेतले, परंतु संतांना दोष दिला नाही आणि नामदेवांचे लाडही केले नाहीत. उणीव आहे, ती भरून काढणारा गुरू औंढ्याला आहे, तेथे जा, असे सांगून त्यांना पाठविले. मूल शाळेतून रडत आले तर आईने आधी सारे ऐकून घ्यावे, मग गुरुजींना भेटून शांतपणे विचारावे, आणि मुलाला पुन्हा शाळेच्या वाटेला लावावे. मूल जे सांगते ते गंभीर असेल, तर त्याच्या पाठीशी भिंतीसारखे उभे राहावे.

आज सकाळी पुष्कळ घरांतून व्यासांच्या प्रतिमेला फूल वाहिले जाईल, शाळाशाळांतून मुले गुरुजींच्या, बाईंच्या पायांवर डोके ठेवतील. त्या वेळी गुरूंनी आशीर्वादाचा हात मस्तकावर ठेवताना मुलाचे नाव घ्यावे. पहिल्या बाकावरच्या मुलाचे घ्यावे, तसे शेवटच्या बाकावरच्या उपकोसलाचेही घ्यावे. आणि उद्या, पूजेची फुले सुकल्यावर, नित्याची तासिका सुरू झाली म्हणजे, ज्याला काहीच येत नाही असे वाटते त्या मुलाला एक छोटे काम सोपवून पाहावे. कळशीभर पाणी आणण्याचे नव्हे, वर्गासमोर एक गोष्ट सांगण्याचे. तो अडखळेल. गुरुजींनी थांबावे, घाई करू नये, आणि वर्गातील कोणी हसले तर त्याला नुसत्या नजरेने थांबवावे. गोष्ट पुरी होईल. त्या दिवसापासून ते मूल गुरुजींचे ऐकू लागेल.